वास्कोहून सेझिंब्राला : एका स्कूबा प्रशिक्षकाच्या साहित्याचे स्थलांतर

मुरगाव बंदराबाहेर ग्रँड आयलंडच्या परिसरात ऑक्टोबर ते मे या काळात स्कूबा डायव्हिंग चालते. तेथे बारा हंगाम शिकवलेला एक प्रशिक्षक २०२४ मध्ये कायमच्या मुक्कामासाठी पोर्तुगालला गेला. जाताना त्याने आपले साहित्य कसे नेले, काय मागे ठेवले आणि कुठे चुकले, याची ही नोंद आहे. वास्कोत मी या साहित्याची दुरुस्ती आणि देखभाल करतो. त्याचे रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती श्वासाला देणारी उपकरणे, दरवर्षी माझ्याच टेबलावर उघडली जात, म्हणून सल्ल्यासाठी तो माझ्याकडे आला आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात मी त्याच्याबरोबर होतो. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. नाव मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे देत नाही.

प्रशिक्षक मूळचा मालवणचा, त्याची पत्नी फोंडा तालुक्यातील. तिच्या आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या गोव्यातला आणि त्या जन्माची नोंद पोर्तुगीज दप्तरी असल्यामुळे तिला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळालेले होते; गोव्यातल्या कितीतरी घरांना कागदपत्रांची ही वाट आता ओळखीची झाली आहे. जानेवारीत ती नोकरीवर रुजू होण्यासाठी लिस्बनला गेली आणि हंगाम संपता संपता, मेच्या अखेरच्या आठवड्यात, त्याने जायचे असे ठरले. लिस्बनच्या दक्षिणेला सेझिंब्रा हे मासेमारीचे जुने गाव आहे. तिथे डायव्हिंगचा व्यवसाय चांगला चालतो. जवळच काबो एश्पिशेल या भूशिराखाली १९८९ साली बुडालेले ‘रिव्हर गुरारा’ हे मालवाहू जहाज पाहायला पाणबुडे जातात. त्याला काम शोधायचे होते ते याच गावात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्याने सगळे साहित्य माझ्या अंगणात मांडले. स्वतःच्या वापरातले दोन रेग्युलेटर, पाण्यात तरंगणे-बुडणे सांभाळणारे जॅकेट म्हणजे बीसीडी, तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, पायांत घालायच्या फिन्सच्या दोन जोड्या, चार मास्क, खोली आणि वेळ मोजणारे दोन डाइव्ह कॉम्प्युटर (एक जुना आणि एक मार्चमध्येच घेतलेला नवा), व्हिडिओसाठीचे दोन प्रखर दिवे, टॉर्च, सुरी, पाण्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायचे चोवीस किलो शिसे आणि ॲल्युमिनियमच्या चार टाक्या. याखेरीज भागीदारीतल्या व्यवसायातून त्याच्या वाट्याला आलेले, ग्राहकांना भाड्याने द्यायचे आठ संच होते. सगळ्यावरून एकदा नजर फिरवून तो म्हणाला, “काका, माका ह्यातला कायएक हय ठेवूचा नाय.”

त्याची भावना मला समजत होती. या धंद्यात माणूस पहिली दोन-तीन वर्षे कमावतो ते साहित्यातच घालतो, आणि पंचवीस मीटर खोल पाण्यात ज्या रेग्युलेटरने श्वास दिला तो एखाद्या भांड्यासारखा विकून टाकणे सोपे नसते. तरीही मी त्याला एक गोष्ट मनापासून सांगितली आणि या प्रकरणाचा सगळा गाभा तोच आहे: कोणती वस्तू न्यायची हे तिच्या किमतीवरून ठरवू नये. तिथले पाणी किती थंड आहे, तिथे हवा कोण भरून देणार आणि ती वस्तू बिघडली तर उघडणार कोण, यावरून ठरवावे. ज्या वस्तूला या तिन्हींचे उत्तर मिळत नाही, ती कितीही महागाची असली तरी परक्या देशात नुसते ओझे होऊन बसते.

टाक्या

टाकी हा संचातला सर्वांत जड आणि सर्वांत टिकाऊ भाग. नेण्याजोगा मात्र सर्वांत कमी. आपल्याकडे सर्रास दिसणारी ऐंशी घनफुटांची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी असताना सुमारे १४ किलो भरते, तिच्यात सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते आणि ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ बार दाबापर्यंत हवा भरता येते. भरलेली टाकी प्रवासी विमानात नेता येत नाही. रिकामी न्यायची तर तिची झडप पूर्ण काढून, तपासणाऱ्याला आत पाहता येईल अशी ती उघडी ठेवावी लागते, आणि तरीही नेऊ द्यायचे की नाही हे विमानकंपनीच्या मर्जीवर असते. पण नुसता वजनाचा प्रश्न असता तर चारही टाक्या जहाजाने पाठवून तो सुटला असता. खरी अडचण टाकीच्या खांद्यावर ठोकलेल्या अक्षरांत होती.

त्यातली एक टाकी आडवी करून मी ओल्या फडक्याने तिचा खांदा पुसला. मिठाचा पांढरा थर निघाला तशी अक्षरे दिसू लागली: डीओटी, ३एएल, ३०००, त्यानंतर टाकीचा क्रमांक आणि शेवटच्या दाबचाचणीचा महिना व वर्ष. यातले पहिले अक्षरसमूह सांगतात की टाकी अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमाप्रमाणे बनली आहे, धातू ॲल्युमिनियम आहे आणि तिचा कामाचा दाब ३००० पीएसआय आहे. अशा टाकीची पाण्याने केली जाणारी दाबचाचणी त्याच्या पाच तृतीयांश, म्हणजे ५००० पीएसआयला होते. हवा भरणारा माणूस जगात कुठेही असो, तो आधी हीच अक्षरे वाचतो आणि आपल्या देशाची खूण त्यांत शोधतो. युरोपात त्याला ‘सीई’ किंवा ‘π’ (पाय हे ग्रीक अक्षर) ही खूण हवी असते. ती नसलेली टाकी भरणे म्हणजे आपला परवाना आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसांचा जीव पणाला लावणे, हे जबाबदार केंद्रचालक जाणतो आणि नकार देतो. यात आपल्यावर अन्याय होतो असे मानण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही हाच न्याय आहे: गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार बाहेरून आलेले सिलिंडर नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) या संस्थेच्या मान्यतेशिवाय भरता येत नाही.

“तिथं जाऊन नवी झडप बसवली तर?” असे त्याने विचारले. हा विचार धोकादायक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या टाक्यांच्या गळ्याचे आटे पाऊण इंची असतात, तर युरोपात बनलेल्या टाक्यांचे एम२५ या मापाचे. दोन्ही मापे इतकी जवळची आहेत की चुकीची झडप काही आटे फिरून बसल्यासारखी वाटते. मात्र दाब चढला की ती तोफेच्या गोळ्यासारखी उडू शकते. झडप आणि टाकी यांची जोडी कधीही अंदाजाने लावू नये.

चौथी टाकी निराळी निघाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परदेशी शिडाच्या नौकेवरून त्याने ती जुनी म्हणून घेतली होती आणि तिच्यावरचे साल १९८० च्या दशकातले होते. त्या काळात ६३५१ या क्रमांकाच्या मिश्रधातूच्या टाक्या बनत. सतत दाबाखाली राहिल्याने त्यांच्या गळ्याशी चिरा पडण्याचा दोष पुढे लक्षात आला आणि उत्पादक ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. अमेरिकेत अशा जुन्या टाक्यांची दर पाच वर्षांनी दाबचाचणीबरोबर गळ्याची विद्युत तपासणीही सक्तीची आहे, आणि अनेक केंद्रे त्या भरतच नाहीत. ओळखीचा एक होडीवाला ती मागत होता. मी त्याला नाही म्हटले, हवा पूर्ण सोडून झडप काढली आणि टाकी मधोमध कापून भंगारात दिली. उरलेल्या तीन टाक्यांची चाचणी चालू मुदतीत होती. त्या मालवणच्या एका व्यावसायिकाने घेतल्या. शिसे तर नेण्याचा प्रश्नच नव्हता. विमानात किलोगणिक पैसे मोजून न्यावे असे त्यात काही नाही, आणि जिथे डायव्हिंग आहे तिथे शिसे मिळतेच.

टेबलावरचे दोन रेग्युलेटर

दोन्ही रेग्युलेटर मी एकाच दुपारी उघडले. टाकीची झडप ज्या तोंडाला लागते तिथे फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीकडच्या भागात, धातूच्या कणांची दाबून केलेली छोटी गाळणी असते, नखाएवढी. तिचा रंग पाहिला की आतली हकिकत कळते. लालसर असेल तर लोखंडी टाकीचा गंज आला, करडी-काळपट असेल तर ॲल्युमिनियमची भुकटी, आणि हिरवट असेल तर खारे पाणी आत गेले. नव्या रेग्युलेटरची गाळणी स्वच्छ निघाली. फर्स्ट स्टेजमधून तोंडाकडच्या भागाला जाणारा मधला दाब मोजला तो साडेनऊ बारवर जाऊन ठरला आणि दहा मिनिटे काटा हलला नाही. जुन्याची गाळणी हातात घेतली तर कडेला हिरवी छटा होती, आणि मधला दाब हळूहळू वर सरकत होता. म्हणजे आतल्या झडपेची बैठक झिजली होती. ती बदलायची तर त्या मॉडेलचे सुटे भाग कंपनीने बनवणे थांबवले आहे. इतकी वर्षे मी इकडचे-तिकडचे भाग जमवून तो चालवला. सेझिंब्रातल्या अनोळखी कारागिराने तसेच करावे अशी अपेक्षा ठेवणे रास्त नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही ते यापुढे करायला नको होते.

तो जुना रेग्युलेटर त्याने पहिल्या दोन हंगामांच्या कमाईतून घेतलेला. बराच वेळ तो त्याचा सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, हातात घेऊन बसला होता. शेवटी त्याने तो माझ्याकडेच ठेवला, शिकाऊ मुलांना आतली रचना उघडून दाखवण्यासाठी, आणि तो आता त्याच कामी येतो.

नवा रेग्युलेटर न्यायचे ठरले, पण आहे तसा नव्हे. गोव्यात टाकीला रेग्युलेटर लावायची पद्धत प्रामुख्याने योकची, म्हणजे बाहेरून चाप घालून स्क्रूने आवळायची. युरोपात डिन पद्धत अधिक चालते. तिच्यात रेग्युलेटर झडपेतच आट्यांवर फिरवून बसवतात आणि हवा गळू न देणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, आत बंदिस्त राहते. कंपनीचाच डिनचा संच मागवून, नवी ओ-रिंग घालून आणि टॉर्क पान्याने ठरल्याइतके आवळून मी तो बदलून दिला. योकचे तोंडही तेलकट कागदात गुंडाळून बरोबर दिले, कारण हे काम उलटेही करता येते. त्याच्यावर युरोपच्या ईएन २५० या मानकाची खूण होती आणि तिच्यापुढे दहा अंशांहून अधिक तापमानाचे चिन्ह होते, म्हणजे त्याहून थंड पाण्यात त्याची चाचणी झालेली नाही. सेझिंब्राचे पाणी साधारण १४ ते १८ अंशांच्या घरात असते, त्यामुळे समुद्रापुरती चिंता नव्हती. पर्वतातल्या थंड तलावात हिवाळ्यात तो वापरू नये एवढे मी बजावले. नायट्रॉक्ससाठी, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या हवेसाठी, युरोपच्या मानकाप्रमाणे झडपेचे तोंड एम२६ या निराळ्या मापाचे असते, त्यामुळे तसे तोंड असलेल्या टाकीला हा रेग्युलेटर थेट लागणार नाही, हेही त्याला दाखवून ठेवले.

याच बैठकीत मी त्याला सर्व्हिसची नोंद इंग्रजीत लिहून दिली: रेग्युलेटरचा अनुक्रमांक, काढलेले आणि घातलेले भाग, मोजलेले दाब, तारीख, सही-शिक्का. मूळ खरेदीचे बिल, या नोंदी आणि प्रत्येक वस्तूचे अनुक्रमांक दिसतील असे फोटो, यांनाही मी साहित्याइतकेच महत्त्व देतो, आणि याचा अनुभव पुढे सीमाशुल्काच्या वेळी आला.

कपड्यांबाबत निर्णय लवकर झाला. गोव्याच्या २७-२९ अंशांच्या पाण्यासाठी शिवलेला तीन मिलिमीटरचा सूट तिथे अपुरा. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचे वारे वाहतात आणि वरचे पाणी लोटून तळाचे थंड पाणी वर आणतात, त्यामुळे ऐन जुलैतही समुद्र गार असतो. सात मिलिमीटरचा सूट तिथेच मापाने घ्यावा असे ठरले. फिन्सपैकी अनवाणी पायात घालायची जोडी मागे राहिली आणि बुटांवर पट्ट्याने बांधायची गेली.

सहा महिन्यांचा नियम

इथे त्याला आधी चुकीचा सल्ला मिळाला होता. कोणीतरी एटीए कार्नेट काढायला सांगितले होते. हा कागद भारतात फिक्की ही उद्योगसंघटना देते आणि तो उपयोगाचा आहे, पण साहित्य काही काळापुरते बाहेर नेऊन परत आणणाऱ्यासाठी. जो कायमचा चालला आहे त्याने ते काढले तर साहित्य परत नेण्याची हमीच तो लिहून देतो.

त्याला लागू होता तो युरोपीय संघाचा ११८६/२००९ हा विनियम. बाहेरच्या देशात सलग किमान बारा महिने राहिलेला माणूस आपले वास्तव्य संघाच्या देशात हलवतो तेव्हा त्याच्या वैयक्तिक वस्तूंना आयातशुल्क माफ होते. मात्र त्या वस्तू जुन्या घरी किमान सहा महिने त्याच्या ताब्यात आणि वापरात असाव्या लागतात, नव्या घरीही त्याच कामासाठी वापरायच्या असाव्या लागतात आणि वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत आणाव्या लागतात. एकाहून अधिक खेपांत आणल्या तरी चालते. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही, वास्तव्याचा आहे. म्हणून पत्नीच्या पासपोर्टवर अवलंबून न राहता तो स्वतःच्या नावे सवलत मागू शकत होता.

भाड्याच्या आठ संचांचे भवितव्य या नियमानेच ठरले. वस्तूंचे स्वरूप किंवा संख्या पाहून व्यापाराचा हेतू दिसत असेल तर सवलत मिळत नाही, आणि लहान-मोठ्या मापांची आठ जॅकेटे एका माणसाच्या वापराची आहेत असे कोणीही मानणार नाही. धंदा पूर्ण बंद करून तोच धंदा संघाच्या देशात हलवणाऱ्यांसाठी त्याच विनियमात वेगळी तरतूद आहे, पण इथला धंदा भागीदार पुढे चालवणार होता, त्यामुळे ती लागू नव्हती. संच भागीदाराला विकले. ते मेमध्ये, पावसाळा दारात असताना विकावे लागले आणि भाव पडला. सप्टेंबरात, हंगामाआधी, हेच संच हातोहात गेले असते. परदेशी जायचे ठरल्यावर विक्रीची तारीख हंगामाकडे पाहून ठरवावी, ही गोष्ट मी त्याला जानेवारीतच सांगायला हवी होती.

नवा डाइव्ह कॉम्प्युटर मार्चमध्ये घेतलेला, म्हणजे सहा महिन्यांत बसत नव्हता. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला मिळणारी सवलत ४३० युरोंची आहे आणि एकाच वस्तूची किंमत दोघांत वाटून घेता येत नाही. बिल त्याहून बरेच जास्त होते. खोके टाकून दे आणि मनगटावर बांधून जा, असे दोघा-तिघांनी त्याला सुचवले. त्याने लिस्बनला उतरल्यावर बिल दाखवले आणि सीमाशुल्क व २३ टक्के व्हॅट भरला. मला त्याचा हा निर्णय योग्य वाटतो. नव्या देशातली पहिली नोंद खोटी असू नये. मात्र तो कॉम्प्युटर तिथेच घेतला असता तर दोनदा कर भरणेही वाचले असते आणि हमीची दुरुस्तीही तिथेच मिळाली असती.

सुट्टीत मालवणला येताना दिवे आणि कॉम्प्युटर बरोबर आणायचे असल्याने मुंबई विमानतळावर भारतीय सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र आधीच घेतले. त्यासाठीही बिले आणि अनुक्रमांकच लागले.

पेटी आणि बॅग

घरसामानाच्या पेट्यांबरोबर समुद्रमार्गे एक पेटी जायची होती: बीसीडी, फिन्स, बूट, हूड आणि शिकवण्याच्या पाट्या. ती विमानाने पाठवण्याचा विचार आधी झाला. ८० गुणिले ५० गुणिले ४० सेंटिमीटरची पेटी प्रत्यक्षात १७ किलो भरली, पण हवाई मालवाहतुकीत घन सेंटिमीटरांना ६००० ने भागून येणारे वजन धरतात, ते २६ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेले, आणि पैसे जास्तीच्या आकड्यावर द्यावे लागतात. फिन्स आणि बीसीडी हलकी असूनही जागा खातात. जहाजाने स्वस्त पडत होते, म्हणून तो मार्ग धरला.

वस्तूंची यादी आम्ही इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत केली. पोर्तुगीजमध्ये फिन्सना ‘बार्बातानश’, वेटसूटला ‘फातु’ आणि टाकीला ‘गार्राफा’ म्हणतात. आपल्याकडे काजूची फेणी साठवायच्या पोटाळ काचेच्या भांड्याचे गाराफांव हे नाव याच शब्दाच्या घरातले. पण आमची यादी मालवाहतूकदाराच्या कार्यालयात पुन्हा टाइप झाली आणि तिथे बीसीडीच्या हवेच्या नळीचे वर्णन वाचून कोणीतरी संपूर्ण पेटीपुढे ‘गॅस उपकरण’ असे लिहिले. तेवढ्या शब्दाने धोकादायक मालाचा संशय आला आणि जूनच्या मध्यावर, पावसात, पेटी मुंबईजवळच्या गोदामात १९ दिवस अडकली. ‘रिकामे, दाबाविना, कापडी जॅकेट; टाकी नाही’ असे पत्र, फोटोंसह, पाठवल्यावर ती सुटली. यादी दुसऱ्याच्या हातून पुढे जात असेल तर शेवटी काय छापले गेले ते स्वतः वाचून मगच सही करावी.

त्या विलंबाचा परिणाम पेटीवर झाला आणि त्यात माझाही दोष आहे. बीसीडी बाहेरून वाळलेली दिसते तेव्हा तिच्या आतल्या पिशवीत ओल असते. आत गोडे पाणी भरून, हलवून, खालच्या झडपेने ओतून काढायचे, मग निम्मी फुगवून चार-पाच दिवस सावलीत वाऱ्याला टांगायची, ही पद्धत मीच सगळ्यांना शिकवतो. इथे पेटी भरायची घाई झाली आणि दोन दिवसांवर मी ती बंद होऊ दिली. जहाजे तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात असल्याने पेटी ऑगस्टच्या अखेरीस पोहोचली. हूडवर काळे ठिपके होते आणि बीसीडीच्या पिशवीला कुबट वास होता. बीसीडी धुऊन वापरात आली, हूड टाकून द्यावे लागले. सवलतीचा अर्ज मात्र कागद पूर्ण असल्याने अडला नाही.

विमानाच्या सामानात बॅटऱ्या हा नाजूक भाग. व्हिडिओच्या दिव्यांच्या बॅटरीवर १४.४ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास एवढेच छापलेले होते. गुणाकार केला तर १००.८ वॉट-तास येतात. शंभरापर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते. शंभर ते एकशे साठपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या विमानकंपनीच्या संमतीने, जास्तीत जास्त दोन आणि हातातल्या सामानातच. आठ दशांशाने ओलांडली तरी मर्यादा ओलांडलीच, म्हणून त्याने लेखी संमती घेतली. दिव्यांतून बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे दिवा बॅगेत चुकून पेटायची शक्यता उरली नाही. सुरी चेक-इन बॅगेत गेली. रेग्युलेटर, दोन्ही कॉम्प्युटर आणि दोन मास्क हातात. नळ्या मोठ्या वळणात गुंडाळल्या, आणि मास्कचे पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला टेकून डागाळू नये म्हणून ते आपापल्या डब्यांत ठेवले. मोपा ते मुंबई हे तिकीट त्याने वेगळे काढले होते आणि त्यावर चेक-इनला १५ किलोच चालत होते. लिस्बनपर्यंत एकच तिकीट करून घेतल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवासाची मर्यादा मोपापासूनच लागू झाली.

निघण्यापूर्वी ग्रँड आयलंडला एकदा शेवटचे उतरावे अशी त्याची इच्छा होती. शनिवारी दोन डाइव्ह करून साडेबाराला वर यायचे आणि रविवारी सकाळी सहाला विमान धरायचे, असा बेत होता. एकाहून अधिक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत असे ‘डॅन’ (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचे मार्गदर्शन आहे, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानातला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. त्याच्या हिशेबात साडेसतरा तास येत होते. तो स्वतः हेच बारा वर्षे शिकवत आला होता, तरी निरोपाच्या ओढीने अर्धा तास त्याच्या नजरेतून सुटला. डाइव्ह शुक्रवारी केली. मीही बरोबर उतरलो. पाणी गढूळ झाले होते, तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नव्हते, आणि आम्ही तळाशी एका खडकाला धरून बराच वेळ नुसते थांबलो.

सेझिंब्रात पहिल्या दिवशी त्याला वजनाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. आपली ॲल्युमिनियमची टाकी हवा संपत आली की सुमारे दोन किलोंइतकी वर ओढते. तिथली बारा लिटरची पोलादी टाकी रिकामी झाली तरी बुडतीच राहते. उलट सात मिलिमीटरचा सूट तीन मिलिमीटरच्या सुटापेक्षा खूपच अधिक तरंगतो. गोव्यात चार किलो शिसे बांधणाऱ्या या माणसाने भाड्याचे दहा किलो बांधून उथळ पाण्यात सुरुवात केली आणि दोन किलो काढून आठवर आला. रेग्युलेटर तिथल्या केंद्रातल्या कारागिराने माझी नोंद वाचून, मधला दाब एकदा मोजून, तसाच परत दिला.

ऑक्टोबरात तिथल्या एका सहकाऱ्याने नव्या विद्यार्थ्यासाठी दोन दिवस बीसीडी मागितली. शुल्कमाफीने आलेली वस्तू पहिल्या बारा महिन्यांत सीमाशुल्क विभागाला आधी कळवल्याशिवाय उसनी, भाड्याने किंवा विकत देता येत नाही. फोनवर त्याने मला विचारले, “काका, दोन दिवसांनी काय होतंय?” आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला की पुढच्या ऑगस्टच्या अखेरपर्यंत नाही द्यायची. विद्यार्थ्याला केंद्रातली बीसीडी मिळाली.